कोकणातल्या दमट हवेत पर्शियन मांजर कसं सांभाळावं

पर्शियन घ्यायचं ठरलं की पहिला निर्णय तोंडाचा. बाजारात 'डॉल फेस' आणि 'पंच फेस' अशी दोन नावं ऐकू येतात. डॉल फेसला बऱ्यापैकी नाक असतं. पंच फेसचं नाक डोळ्यांच्या रेषेत दाबून बसवल्यासारखं, त्यामुळे श्वासाची वाट अरुंद आणि डोळे सतत पाझरणारे. रत्नागिरी-मालवणच्या मे महिन्यात असं मांजर नुसतं बसल्या जागी धापा टाकतं. इथे डॉल फेसच घ्यावं. पिल्लू दहा-बारा आठवड्यांचं असावं आणि झोपेत घोरत नाही ना, ते पाहून घ्यावं. आईबापांची पीकेडी तपासणी झाली आहे का, हेही विचारा. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणारा हा रोग या जातीत आनुवंशिक आहे आणि दोघांपैकी एकाकडून आला तरी पुरतो.

नाव इराणचं. सतराव्या शतकात पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने इराणच्या खोरासान प्रांतातल्या लांबकेसी मांजरांबद्दल लिहिलं. आजचं रूप मात्र इंग्लंडात घडलं. १८७१च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनातही पर्शियन होती. बुटके जाड पाय, गोल डोकं, छोटे कान, वजन साधारण ३ ते ५.५ किलो. स्वभाव गरीब, आवाज बारीक. गावठी बोक्यासारखं कौलांवर धावणं याला जमत नाही आणि कुत्रा अंगावर आला तर पळताही येत नाही. तेव्हा हे पडवीत मोकळं सोडायचं जनावर नव्हे. खिडक्यांना जाळी लावून घरातच ठेवावं.

खरी कसोटी पावसाळ्यात, आणि ती केसांची. रोज दहा मिनिटं स्टीलच्या फणीने विंचरा. सुरुवात पाठीपासून केली तर मांजर खूश होतं, पण गुंता असतो काखेत, कानांमागे, मांड्यांच्या आत आणि शेपटीखाली. केस मुळाशी दोन बोटांत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, मग टोकाकडून सोडवत मुळाकडे या. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं की गाठ सुटी होते. कात्री नको: पातळ कातडी गाठीबरोबर वर उचलली जाते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. अंघोळीआधी विंचरलंच पाहिजे, कारण भिजलेला गुंता घोंगडीसारखा घट्ट बसतो. नंतर ड्रायर मंद ठेवून वाळवा. वरून कोरडं वाटलं तरी केसांत फुंकर मारून बघा. मुळाशी ओल दिसली तर काम संपलेलं नाही. ओल राहिली की कातडीचे विकार मागे लागतात. गोल टक्कल, कडेला कोंडा दिसला तर ते बहुधा गजकर्ण. ते माणसांनाही लागतं. माणसांचं मलम चोळू नका, मांजर ते चाटतं, डॉक्टरांना दाखवा.

डोळे रोज उकळून गार केलेल्या पाण्याच्या कापसाने आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. पुळणीतली वाळू शौचाच्या ट्रेमध्ये घालू नका, फुकट मिळत असली तरी. पावसात ती सुकत नाही आणि पंजांच्या केसांना चिकटते. मांजरांच्या ट्रेसाठी विकत मिळणारे तयार खडे (लिटर) ५-७ सेंटिमीटर भरा.

बांगडा बिनमिठाचा उकडून, काटे काढून, कधीमधी चालेल. सुकट नको, मीठ फार. गोचिडांसाठी कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध आणि तापासाठी पॅरासिटामॉल, ही दोन्ही मांजराचा जीव घेतात.

उन्हाळ्यात वीज गेली आणि मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर साध्या पाण्याने पंजे आणि पोट भिजवा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. बर्फ लावू नका. वाटेत तोंडात पाणीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.