नोकरीसाठी कन्सल्टंट शोधताना या चुका टाळा

कन्सल्टंटकडे सीव्ही देऊन महिना-दोन महिने झाले, एकही फोन नाही, ही तक्रार पुण्या-मुंबईत रोज ऐकू येते. बहुतेक वेळा मूळ चूक एकच असते. कन्सल्टंट आपल्यासाठी काम करतो, असं उमेदवार धरून चालतो.

तो कंपनीसाठी काम करतो आणि त्याचे पैसेही कंपनीच देते. प्रचलित दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. १२ लाखांच्या जागेवर त्याला साधारण १ लाख मिळतात, तेही तुम्ही रुजू झाल्यावर. ६० किंवा ९० दिवसांत तुम्ही सोडून गेलात तर बहुतेक करारांत त्याला दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो. त्यामुळे त्याच्या हातात आधी जागा असते, मग तो माणूस शोधतो. ‘माझ्यासाठी काहीतरी बघा’ असं म्हणून काही होत नाही. ‘चाकण पट्ट्यात क्वालिटी इंजिनिअर, ६ वर्षांचा अनुभव, प्रेस शॉप, नोटीस (राजीनाम्यानंतर काम करायचा काळ) ६० दिवस’ असं सांगितलं, तर जागा आली की त्याला तुम्ही आठवता.

मिळेल त्या कन्सल्टंटला सीव्ही पाठवणं

पन्नास जणांना एकच मेल टाकण्यापेक्षा तुमच्या क्षेत्रातले तीन-चार जण पुरतात. ते शोधायची सोपी रीत अशी: तुम्हाला हव्या त्या पदाच्या गेल्या दोन महिन्यांतल्या जाहिराती नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर बघा. त्या कोणी टाकल्यात ते लिहून काढा. जी नावं पुन्हापुन्हा येतात, ती तुमच्या कामाची. शिवाय गेल्या वर्षा-दीड वर्षात नोकरी बदललेल्या सहकाऱ्यांना विचारा, कोणामार्फत गेलात?

पहिल्या फोनवर त्यालाही प्रश्न विचारा. जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय म्हणून? किती दिवसांपासून रिकामी आहे? रिपोर्टिंग कोणाला? कंपनी रोल (थेट कंपनीच्या पगारावर) की थर्ड पार्टी (ठेकेदारामार्फत)? मुलाखतीचे राउंड किती? यातल्या निम्म्या प्रश्नांनाही उत्तर नसेल, तर बहुधा त्याचा त्या कंपनीशी थेट संबंध नाही, तो नुसते सीव्ही गोळा करतोय. कंपनीचं नाव पहिल्याच मिनिटाला सांगत नाही म्हणून मात्र फोन ठेवू नका. उमेदवार परस्पर अर्ज करेल अशी त्याला भीती असते. पण सीव्ही पुढे पाठवण्याआधी नाव कळलंच पाहिजे, इथे तडजोड नको.

एकाच कंपनीत दोघांकडून सीव्ही जाणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि उमेदवाराला ते कधी कळतही नाही.

कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमची नोंद मोबाइल नंबर आणि मेल आयडीवर होते. ज्याने आधी पाठवलं त्याचा हक्क, तो बहुतेक ठिकाणी ६ महिने चालतो. दुसऱ्याने तोच सीव्ही पाठवला की फी कोणाची यावरून वाद निघतो. हातात आणखी दहा सीव्ही असलेला एचआर त्या वादात पडत नाही, तुमचं नावच बाजूला ठेवतो. तुम्ही आधी कंपनीच्या साइटवरून स्वतः अर्ज केला असेल तरी हीच अडचण येते.

म्हणून प्रत्येक कन्सल्टंटला, त्याने ‘पाठवू का?’ विचारल्यावर, दोन ओळींचा मेल टाका: ‘माझा सीव्ही अमुक कंपनीतल्या अमुक पदासाठी पाठवायला माझी संमती आहे. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत पाठवण्याआधी मला विचारावं.’ फोनवरचं ‘हो’ नंतर सिद्ध करता येत नाही. सोबत एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, पुढे काय झालं.

घोळ झालाच असेल तर गप्प बसू नका. दुसऱ्या कन्सल्टंटला त्याच दिवशी तारखेसह कळवा आणि नाव मागे घ्यायला सांगा. पहिल्याला दिलेल्या संमतीचा मेल जपून ठेवा, एचआरने विचारलं तर तोच दाखवायचा.

पगार आणि नोटीस फुगवून किंवा लपवून सांगणं

९ लाखांच्या सीटीसीत ९० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, कमी-जास्त होणारा भाग) असतील, तर फिक्स्ड ८.१ लाख आहे. दोन्ही आकडे वेगळे सांगा. ऑफरच्या वेळी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच, आणि पीएफच्या नोंदीत नोकरीच्या तारखा दिसतात. ९० दिवसांची नोटीस ‘३० दिवसांत होईल’ म्हणून दडवली, तर शेवटच्या टप्प्यावर ऑफर अडते आणि तो कन्सल्टंट पुन्हा तुमचा सीव्ही पुढे करत नाही. बायआउट (पैसे भरून नोटीस कमी करणं) शक्य असेल तर तसं सांगा, त्याला ते एचआरकडे मांडता येतं. अपेक्षित पगाराचा खालचा आकडाही आधीच ठरवून सांगा. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असं म्हटलंत की कमीत कमीवर बोळवण होते.

पैसे भरणं

आधी ५०० रुपये रजिस्ट्रेशन, मग ट्रेनिंग, मग लॅपटॉपचं डिपॉझिट. या फसवणुकीच्या नेहमीच्या पायऱ्या आहेत. कंपनीकडून फी घेणारा कन्सल्टंट उमेदवाराकडे पैसे मागत नाही. मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर जीमेलवरून आलं, तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आखातात मजुरीच्या किंवा तांत्रिक कामावर जाणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशी कामाला जाण्याच्या) कायद्याखाली नोंदणी असलेला एजंटच हवा, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलू’ म्हणणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका.

नेमकं कुठे अडलंय ते न ओळखणं

फोनच येत नसतील, तर सीव्हीत पदाचं नाव, सॉफ्टवेअर, मशीन यांचे शब्द जाहिरातीतल्यासारखे आहेत का ते बघा. कन्सल्टंट शोधतो तो याच शब्दांवरून. फोन येतात पण मुलाखत लागत नाही, तर अडचण बहुधा पगार किंवा नोटीसची आहे. तसं थेट विचारा. मुलाखती होतात पण निवड होत नाही, तर कन्सल्टंट बदलून उपयोग नाही. त्याच्याकडून प्रत्येक राउंडचा अभिप्राय मागून घ्या, एचआरने त्याला तो बहुधा सांगितलेला असतो.

सीव्ही गेल्यावर पाच कामाच्या दिवसांनी एकदा विचारा, आठवड्याने पुन्हा एकदा. दोन्हींना उत्तर नसेल तर ती जागा सोडून पुढे चला. रोज फोन केल्याने तो नंबर ओळखून उचलायचा थांबतो.

आणि ‘ऑफर पक्की आहे, आजच राजीनामा टाका’ असा आग्रह झाला, तरी कंपनीच्या स्वतःच्या मेलवरून, पगाराचा तपशील आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र येईपर्यंत राजीनामा टाकू नका.