तरुणपणीची येझदी शोधताय? या चुका टाळा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून शेवटच्या येझदी मोटारसायकली १९९६ साली बाहेर पडल्या. तरीही कॉलेजात असताना चालवलेली, वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली आणि पुढे घरच्या अडचणीत विकावी लागलेली गाडी शोधणारी माणसं आजही भेटतात. त्यांना तशी गाडी नको असते, तीच हवी असते. तशी गाडी पैसे मोजले की मिळते. तीच मिळवायची असेल तर आपल्यानंतर ती कुणाकुणाच्या हातात गेली, हे एकेक माणूस गाठून काढावं लागतं. शोध फसतात ते बहुधा याच टप्प्यावर.

नुसत्या नंबरावर विसंबू नका

बहुतेक जण आठवणीतला नंबर सरकारी ॲपमध्ये टाकतात, माहिती सापडत नाही आणि गाडी भंगारात गेली असं धरून चालतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच-१२, एमएच-०९ अशा मालिका आल्या. त्याआधीच्या गाड्यांना ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरं असत. त्या काळातली कितीतरी नोंद आरटीओच्या जाडजूड रजिस्टरांतच राहिली, संगणकावर चढलीच नाही. स्क्रीनवर काही दिसलं नाही, याचा अर्थ गाडी नाही असा होत नाही.

उलटंही घडतं. कोल्हापूरची गाडी निपाणीच्या माणसाने घेतली, रीतसर एनओसी काढून तिकडे नोंदवली, की तिला चिक्कोडीचा केए-२३ नंबर लागतो. तुमचा नंबर तिथे संपला, पण गाडी मजेत धावते आहे. बदलत नाही तो गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर. म्हणून आधी घरचे कागद उपसा. आरसी बुक गाडीबरोबर गेलेलं असतं, पण विम्याची जुनी पॉलिसी आईने ट्रंकेत जपून ठेवलेली सापडते, आणि तिच्यावर गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनाचा असे तिन्ही नंबर असतात. कर्जाची कागदपत्रंही बघा. लग्नाच्या किंवा सहलीच्या अल्बममधून नंबर वाचत असाल तर भिंगाने वाचा. आपल्याकडे पाट्या मराठी आकड्यांत रंगवायची पद्धत होती, आणि धूसर कृष्णधवल फोटोत १ आणि ९, ३ आणि ६ सहज गल्लत करायला लावतात. शंका असेल तर दोन्ही नंबर शोधा.

मालकाचं नाव विकत घेऊ नका

सरकारी ॲपवर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं. ते पुरं मिळवून देतो म्हणणारे एजंट गावोगाव आहेत. त्यांच्या नादी लागू नका. कुणाची खासगी माहिती चोरवाटेने काढून त्याच्या दारात उभं राहणाऱ्या माणसाला कोणी आपली गाडी दाखवत नाही, आणि दाखवूही नये.

खरी माहिती मेकॅनिककडे असते. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली आणि किकचा दांडाच पुढे पाडून गिअरला वापरायचा असली ही गाडी सगळ्यांना जमत नसे. तालुक्याला जावा-येझदीचा हात असलेला एखाद-दुसराच मिस्त्री असायचा, आणि परिसरातल्या सगळ्या गाड्या त्याच्या हाताखालून जायच्या. तो थकला असेल तर त्याचा मुलगा किंवा जुना पोऱ्या शोधा. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची जुनी दुकानं आहेत. तिथे अजून येझदीचे सुटे भाग मागायला कोण येतं, एवढंच विचारा. आपला फोन नंबर ठेवून या आणि निरोप पोचवायची विनंती करा. मालकाला वाटलं तर तो फोन करेल. वेळ लागतो, पण असा आलेला फोन अर्धं काम करून आलेला असतो.

इथे एक जपावं. ‘माझ्या वडिलांची शेवटची आठवण आहे हो’ हे वाक्य पहिल्याच फोनवर बोलू नका, त्या क्षणी किंमत चढते. लपवाछपवी करा असं म्हणत नाही. आधी गाडी बघा, कागद बघा, मग मनातलं बोला.

रंगावरून ओळख पटवू नका

टाकी, मडगार्ड, सीट, एवढंच काय इंजिनसुद्धा इतक्या वर्षांत बदललेलं असतं. हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर तेलकट मळाचे थर चढले असतील तर मालकाला विचारून कपड्याला रॉकेल लावून हळूच पुसा, पॉलिश पेपरने घासू नका. खरवडलेला नंबर पुढे आरटीओत संशयाला कारण होतो. मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवा. आकडे पांढरे उमटतात, आणि ठोकताना वाकडा बसलेला एखादा आकडाही कागदावर दिसतो. ही छाप विम्याच्या कागदाशी ताडून बघा. आकड्यांभोवतीचा पत्रा घासून सपाट केल्यासारखा किंवा वेल्डिंग केल्यासारखा वाटला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

कागद नसतील तर घरच्यांनाच ठाऊक असलेल्या खुणा बघा: मधल्या स्टँडला गावच्या लोहाराने मारलेलं वेल्डिंग, साडीगार्डसाठी पाडलेलं जादा भोक. दुधाच्या कॅनला जुंपलेली गाडी असेल तर मागचा भाग एका बाजूला किंचित झुकलेला असू शकतो. सीट काढून खाली बघा, तिथे मूळ रंग टिकलेला असतो.

कागद ‘नंतर करू’ म्हणू नका

आरसीवरचा मालक हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढवून घ्या, मगच तुमच्या नावावर. मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या जुन्या सह्या घेऊन गाडी घरी आणणं म्हणजे वाद विकत घेणं. गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत पाहता येतं. पैसे देण्याआधी पाहा.

‘व्हिंटेजमध्ये नोंदवू’ हा सल्ला सर्रास मिळतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. १९७८ नंतरची येझदीची रोडकिंग अजून त्या वयात बसत नाही. तिला पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं साधं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट, हाच रस्ता.

आणल्या आणल्या किक मारू नका

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाची क्रँकची ऑइल सीलं कडक होतात. एका बाजूने गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. दुसऱ्या बाजूने हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी किक हाताने हळूहळू दाबा. अडकत असेल तर जोर लावू नका, सरळ मिस्त्रीकडे न्या. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, ते पूर्ण काढा आणि आतला गंज काढून टाकी धुऊन घ्या. पेट्रोलची रबरी नळी नवीन घाला, कारण आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. आणि नवं पेट्रोल भरताना त्यात टू-टी ऑइल मिसळायला विसरू नका, या इंजिनाला वंगण मिळतं ते त्यातूनच.