फार्महाऊसचा पूल आणि लहान मुलं: या चुका टाळा

कर्जत, लोणावळा, अलिबाग, नाहीतर गोव्यातला एखादा व्हिला. दोन-तीन कुटुंबं मिळून जायचं ठरतं आणि फोनवर पहिला प्रश्न असतो, “पूल आहे ना?” पूल असतोच. त्याला कुंपण आहे का, मुलांच्या खोलीचं दार कुठे उघडतं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. फोटोत निळं पाणी दिसलं की आगाऊ पैसे भरून मोकळे.

लहान मुलाला धोका पोहण्याच्या वेळेत, असं आपण गृहीत धरतो. म्हणून त्या तासाभरात सगळे जागरूक असतात आणि उरलेल्या वेळात निर्धास्त. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात पाच वर्षांखालच्या मुलांच्या पूलमधल्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यातली ६९ टक्के मुलं त्या वेळी पूलपाशी असतील, अशी घरच्यांना कल्पनाच नव्हती. आणि ७७ टक्के मुलं नजरेआड होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती, काही तर त्याहून कमी. अभ्यास जुना आहे, तिथली घरं वेगळी आहेत. पण आपल्या व्हिलातला दिवस आठवून बघा. पोचल्यावर सामान उतरवण्याची गडबड, जेवणं झाल्यावरची सुस्ती, रात्रीच्या गप्पांनंतर उशिरा उठलेली मोठी माणसं आणि सहा वाजताच टक्क जागं झालेलं पोर. पूलकडे लक्ष द्यायचं ते या वेळांना.

“सगळे आहेत ना तिथे!”

माझ्या मते सहलीतलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच. काठावर दहा मोठी माणसं असतात, तेव्हा प्रत्येकाला वाटतं की बाकीचे नऊ बघतायत. आई म्हणते बाबा आहेत, बाबा म्हणतात काका पाण्यातच आहे, आणि काका पलीकडे चेंडू खेळत असतो. एकट्या आईबरोबर आलेलं मूल या गर्दीतल्या मुलापेक्षा जास्त सुरक्षित असू शकतं, कारण तिथे जबाबदारी कुणाची याबद्दल शंकाच नसते.

उपाय साधा आहे, थोडा हास्यास्पद वाटेल, पण करा. एक शिट्टी दोरीत ओवून आणा. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याची पाळी. पंधरा-वीस मिनिटं त्याने फक्त मुलं बघायची. फोन नाही, पत्ते नाहीत, कांदाभजी आली म्हणून उठणं नाही, आणि ज्याने दारू घेतली आहे त्याच्याकडे शिट्टी जाणारच नाही. पाळी संपली की ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि तोंडाने म्हणायचं, “आता मुलं तुझ्याकडे.” समोरून “हो, माझ्याकडे” आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल, तर पहारेकऱ्यानेही पाण्यात उतरायचं. हात लांबवला की मूल हाताला लागलं पाहिजे. खुर्चीवरून बघणं मोठ्या मुलांसाठी ठीक.

आणि दहा वर्षांच्या दादाला किंवा ताईला ही पाळी देऊ नका. “दादा, बाळाकडे बघ हं” म्हणून आत जाणं हा त्या दादावरही अन्याय आहे.

व्हिलात जीवरक्षक असेल, हाही एक गैरसमज. गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक दिसतात, मोठ्या हॉटेलांतही कधी कधी कुणीतरी नेमलेलं असतं. खाजगी बंगल्यात केअरटेकर असतो. तो चहा करतो, जनरेटर सुरू करतो. त्याला पोहता येतं का, हेसुद्धा आपण विचारलेलं नसतं.

“बुडायला लागला तर ओरडेल की”

नाही ओरडणार. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, हाका मारतो. खरं बुडणं बहुतेकदा गुपचूप असतं. तोंड पाण्याच्या वर येतं न येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, आवाज काढायला हवाच उरत नाही. हात वर जात नाहीत, ते दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभं असतं, डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर, पाय जवळपास मारतच नाही. लांबून पाहिलं तर मूल पाण्यात उभं राहून आकाशाकडे बघतंय असंच वाटेल. हे फार तर वीस ते साठ सेकंद चालतं आणि लहान मूल त्याच्याही आधी खाली जाऊ शकतं. ‘चटकन टॉवेल घेऊन येते’ यात बसणारा वेळ आहे हा.

म्हणून गलका करणाऱ्या मुलांपेक्षा गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघा. हाक मारा. उत्तर आलं नाही तर कारण शोधत बसू नका, उचला.

इथेच पोहण्याच्या कपड्यांचं बोलून टाकते. फिकट निळा किंवा पांढरा पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक केशरी, भडक गुलाबी घ्या. फोटोत कसा दिसतो ते सोडून द्या.

खोलीचं दार थेट पूलवर

जाहिरातीत हीच गोष्ट कौतुकाने लिहिलेली असते: बेडरूममधून सरळ पाण्यात! नवीन लग्न झालेल्यांना छान, दोन वर्षांच्या मुलाबरोबर अजिबात नाही.

पूलभोवतीचं कुंपण चारही बाजूंनी हवं, निदान चार फूट उंच, आणि गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी. फाटक आपोआप मिटणारं, पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि खिट्टी लहान मुलाच्या हातापलीकडे. आपल्याकडच्या बंगल्यांत बहुतेकदा तीन बाजूंना कंपाउंडची भिंत आणि चौथ्या बाजूला घर असतं. मालक म्हणतो, “पूर्ण बंदिस्त आहे हो.” बंदिस्त आहे ते बाहेरच्या मुलांसाठी, घरातलं मूल आतच आहे. चारही बाजूंनी वेगळं कुंपण घातलेल्या पूलमध्ये मूल बुडण्याचा धोका अशा तीनबाजूच्या रचनेपेक्षा सुमारे ८३ टक्क्यांनी कमी असतो. बुकिंगआधी मालकाला फोटो मागा, पाण्याचा नव्हे, फाटकाचा.

पोचल्यावर कळलं की कुंपण नाहीच, तर? परत फिरणं जमत नाही, हे मान्य. मग असं करा:

- मुलांची झोपण्याची खोली पूलच्या विरुद्ध बाजूची घ्या, जमलं तर वरच्या मजल्यावरची.
- पूलकडे जाणारी दारं मोजा. सरकत्या काचेचं दार लहान मूल सहज ढकलतं, त्यामुळे वरच्या बाजूला कडी आहे का ते बघा. नसेल तर केअरटेकरकडून कुलूप घ्या आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.
- दाराला चिकटवायचा छोटा अलार्म काहीशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर घुंगरांची माळ बांधा. दार हललं की कळलं पाहिजे.
- पोहणं संपलं की चेंडू, बदक, ट्यूब सगळं बाहेर काढून नजरेआड ठेवा. तरंगणारं बदक घ्यायला वाकलेलं मूल डोक्याच्या वजनानेच आत जातं.

कुंपण असेल तिथे वेगळी चूक होते: येण्याजाण्याचा कंटाळा म्हणून फाटकाला दगड किंवा चप्पल लावून ते उघडं ठेवतात, किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या कुंपणाला टेकवतात. खुर्ची म्हणजे शिडीच झाली.

पूलवर प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरलेली असेल, तर ती सुरक्षा नव्हे. मूल तिच्यावर पाय ठेवतं, ती खाली जाते आणि वरून पाणी चढतं. फार्महाऊसवर विहीर, शेततळं, माशांचा हौद असतो. पोचल्या पोचल्या एक फेरी मारून हे सगळं बघून घ्या. बाथरूममधली भरलेली बादलीसुद्धा रिकामी करा.

“चार फूटच तर आहे”

तुमच्या छातीपर्यंत. तीन वर्षांचं मूल सरासरी तीन-सव्वातीन फुटांचं असतं, पाच वर्षांचं साधारण साडेतीन. म्हणजे ‘उथळ’ बाजूलाही दोघांच्या डोक्यावरून पाणी. बेबी पूलमध्ये दीड फूट पाणी असलं तरी तोंडावर पडलेल्या सव्वा वर्षाच्या मुलाला स्वतःला सावरून उठता येईलच असं नाही. तिथेही कुणीतरी हाताच्या अंतरावर हवंच.

पाणी किती खोल, यापेक्षा ते किती स्वच्छ, हे आधी बघा. काठावर उभं राहून तळाची, पाणी ओढणाऱ्या भोकावरची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर मुलांना उतरवू नका. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल दिसत नाही. अंधार पडल्यावर नुसत्या रंगीत दिव्यांत पोहणं याच कारणासाठी बंद. काठावर लावलेल्या स्पीकरच्या वायरी आणि एक्स्टेन्शन बोर्डही उचलून लांब ठेवायला सांगा.

“फ्लोटर घातलाय त्याला”

दंडात घालायचे हवेचे फ्लोटर आणि ट्यूब ही खेळणी आहेत. हवा निघते, हात वर केला की फ्लोटर सरकून निघतो, ट्यूब उलटली तर मूल पाय वर, डोकं खाली अशा अवस्थेत अडकतं. त्याहून वाईट परिणाम मोठ्यांवर होतो, ते निश्चिंत होतात. वजनाच्या मापाचं, पट्टे आवळता येणारं लाइफ जॅकेट नेलं तर उत्तम, पण ते घातलं म्हणून पाळी रद्द होत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीने पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहणं शिकलं, हे ऐकवणारे काका प्रत्येक सहलीत असतात. खरं आहे. पण त्या डब्याबरोबर विहिरीत पट्टीचा पोहणारा एक माणूस असायचा आणि त्याची नजर दुसरीकडे नसायची. काका तेवढं सांगायचं विसरतात.

पोहण्याचा क्लास लावला असेल तर चांगलंच. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाच्या पुढच्या मुलांना शिकवायला सुरुवात करता येते असं सांगते. मात्र क्लासमधलं मूल ओळखीच्या पाण्यात, शिक्षकासमोर पोहतं. कपड्यांसकट अचानक पडल्यावर तेवढं सुचेलच असं नाही.

तळाची जाळी

याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पंप सुरू असताना तळाचं भोक पाणी जोरात ओढतं. जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल तर केस, पोशाखाची नाडी, कधी अख्खं अंग तिथे चिकटून बसतं. २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबमध्ये अशीच अडकून गेली. ती तीन वर्षांची असल्यापासून पोहत होती. आईने ओढूनही ती सुटली नाही. पुढे २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक पूलांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या.

तुम्ही एवढंच करा: जाळी जागेवर आहे का बघा, पंपाचं बटण कुठे आहे ते केअरटेकरला दाखवायला सांगा, मुलींचे केस बांधा आणि जकुझी मुलांना बंद.

काही बिघडलंच तर

मूल दिसत नाही: आधी पूल. खोल्या, गच्ची, गाडी नंतर. मूल पलंगाखाली लपलं असेल तर दोन मिनिटांनी सापडूनही काही बिघडत नाही. पाण्यात मात्र चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते.

मूल पाण्यातून काढलं आणि श्वास नाही: कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, यातलं काही करू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याला हवा हवी असते, म्हणून सुरुवात तोंडाने श्वास देऊन. डोकं किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, छाती वर येईल एवढी फुंकर, पाच वेळा. मग छातीच्या मधोमध तीस दाब, छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मग दोन श्वास, पुन्हा तीस. तोंडाशी फेस आला तरी पुसत बसू नका. मूल श्वास घ्यायला लागेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही, हातांना सवय लागते. सहलीआधी घरातल्या दोघांनी तरी एका दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं. मूल शुद्धीवर आलं, रडलं, तरीही रुग्णालयात न्यायचंच.

मूल पाणी प्यायलं, ठसका लागला, मग पुन्हा खेळायला पळालं: घाबरू नका. मात्र काही तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास जलद चालतोय, सारखी उलटी होते, अवेळी गुंगी येते, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘ड्राय ड्राउनिंग’, म्हणजे मूल आठवडाभर ठणठणीत राहून अचानक दगावतं, ही गोष्ट खरी नाही; डॉक्टरांनी तो शब्द वापरणंही सोडून दिलं आहे.

रुग्णालय कुठलं, हे पोचल्या दिवशीच केअरटेकरला विचारा. शनिवार-रविवारच्या वाहतुकीत रुग्णवाहिकेला वेळ लागू शकतो. एक गाडी अशी लावा की तिच्यामागे दुसरी अडकणार नाही, आणि न प्यायलेला एक चालक कायम असू द्या.

निघायची दुपार

बॅगा बाहेर, दारं सताड उघडी, हिशेब चाललेला, कुणी चार्जर शोधतंय. शिट्टी तेव्हा बॅगेत जाते, हीच शेवटची चूक. सामान भरायच्या आधी सगळ्यात लहान मुलांना गाडीत बसवा आणि त्यांच्याजवळ एक मोठं माणूस बसवा. चार्जर बाकीचे शोधतील.