धूळ लहान होत नाही : नॅरो गेजची चिमुकली मॉडेल करताना या चुका टाळा

पाचोरा-जामनेर गाडीला आमच्या आजोळी कुणी नॅरो गेज म्हणत नसे. ती नुसती 'पीजे'. अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटरचा रस्ता, आणि शेंदुर्णी-पहूरकडच्या लोकांना तिचं इतकं अप्रूप की शिट्टी ऐकून चहा टाकायचा. मला ती गाडी घरात हवी होती. पण नाशिकच्या फ्लॅटमध्ये रेल्वेसाठी मिळालेली एकमेव जागा म्हणजे लोखंडी कपाटाचा माथा, ९० बाय ४५ सेंटिमीटर. म्हणून अगदी छोट्या स्केलकडे वळलो आणि ओळीने सगळ्या चुका केल्या.

बहुतेक चुकांचं मूळ एकच निघालं. गाडी लहान केली की सगळंच त्या मापात लहान झालं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वजन मापापेक्षा कितीतरी झपाट्याने उतरतं, आणि धूळ, रंगाचा थर, फेव्हिकॉलचा थेंब, आपली बोटं आहेत तेवढीच राहतात.

आधी इंजिन घेतलं, हिशेब नंतर केला

ही सगळ्यात महागडी चूक. इतक्या छोट्या मापात बाजारात तयार मिळतात ते मुख्य रूळ तीन : एन गेजचे ९ मिलिमीटर, झेडचे ६.५ आणि टीचे ३. त्यांची मूळ स्केल अनुक्रमे १:१६० (म्हणजे खऱ्याच्या १६०वा भाग), १:२२० आणि १:४५०, तीही मोठ्या गाड्यांसाठी. नॅरो गेजवाल्याने हे आकडे विसरून उलटा भागाकार करायचा : खऱ्या रुळांमधलं अंतर भागिले मॉडेलच्या रुळांमधलं अंतर.

पीजेचं अंतर ७६२ मिलिमीटर. भागिले ६.५ केलं की ११७ येतात, म्हणजे १:१२० ला झेडचा रूळ जवळजवळ चपखल. मी मात्र आधी झेडचं इंजिन घेतलं, त्याच्या चॅसीवर १:१६० ची बॉडी थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतली, स्टेशनही त्याच मापाचं केलं. मग गुणाकार केला : ६.५ गुणिले १६०, म्हणजे १०४० मिलिमीटर. माझी पीजे मीटर गेजवर, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांवर उभी होती! १:१६० ला खरी पीजे हवी तर रूळ पावणेपाच मिलिमीटरचा लागतो, आणि तो बहुधा हातानेच करावा लागतो. पहिल्या लेआउटला त्या वाटेला जाऊ नका.

माथेरानच्या दोन फुटी गाडीचं गणित वेगळं. ६१० भागिले ६.५ म्हणजे ९४, तेव्हा १:८७ ला झेडचा रूळ थोडा अरुंद पडतो, पण डोळ्याला खटकत नाही. टीचा ३ मिलिमीटरचा रूळ १:२२० ला वापरला तर ६६० येतात, म्हणजे ना माथेरान ना पीजे. दुरून बघायच्या डोंगरातल्या गाडीला चालेल. हातात घेऊन दाखवायच्या गाडीला नाही.

जाता जाता, नाशिककरांसाठी : आपल्या मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनला जाणारी घोड्यांची ट्रामही अडीच फुटीच होती, म्हणजे तीही १:१२० ला बसते. फक्त मोटर डब्यात लपवायची, आणि घोडा उंचीला साधारण साडेबारा मिलिमीटर. कुणी केली तर मला बघायला बोलवा.

तयार रूळ जसाच्या तसा टाकला

झेडचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मोठ्या गाडीच्या मापाने दाटीवाटीने बसवलेले असतात. १:१२० च्या गाडीखाली ते कंगव्याच्या दातांसारखे दिसतात. एकाआड एक स्लीपर कापून टाका. उरलेल्यांमधलं अंतर साधारण साडेपाच मिलिमीटर होतं, म्हणजे खऱ्यात ६५ सेंटिमीटरच्या आसपास. पण एका वेळी फूटभरच कापा आणि ते लगेच चिकटवा. मी अख्खा तुकडा मोकळा केला, आणि रूळ शेवयांसारखे वळायला लागले.

दुसरी गोष्ट उंचीची. मॉडेलच्या रुळाचा 'कोड' म्हणजे त्याची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड ५५ चा रूळ १.४ मिलिमीटर उंच असतो. १:१२० ने गुणलं तर १६८ मिलिमीटर, म्हणजे आजच्या मुख्य मार्गावरच्या ६० किलोच्या रुळाएवढा. जुन्या छोट्या गाडीचा रूळ याहून बराच बुटका असे. कोड ४० मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर रुळाच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या आणि स्लीपर मातीत जवळजवळ बुडवा. खऱ्या रस्त्यावर तरी काय असायचं? गवत, माती, मधूनच एखादा स्लीपर.

वाळू नदीची, आणि लोहचुंबक विसरलो

खडी म्हणून गोदावरीची बारीक वाळू आणली. १:१२० ला खडीचा कण अर्ध्या मिलिमीटरच्याही आत हवा, म्हणून आईची मैद्याची चाळण घेतली. "रवा करतोस का सिमेंट?" असं तिने विचारलं आणि चाळण कायमची मला देऊन टाकली. वाळू टाकली, पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडला, दोन दिवस सुकवलं. दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी इंजिन एका वळणावर कुरकुर करायला लागलं, पाचव्या दिवशी बंद पडलं.

उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी लव आलेली, आणि मोटरच्या वर्मच्या (चाकं फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरच्या) दातांत दोन काळे कण अडकलेले. आपला सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. त्या दगडात मॅग्नेटाइट असतं आणि तो झिजून झालेल्या वाळूत त्याचे काळे कण येतात. आपल्या नजरेला ती नुसती काळसर वाळू, मोटरला तो लोखंडाचा चुरा. चाक अर्धा मीटर व्यासाचं असतं तर त्या कणाचं पीठ झालं असतं. इथे चाकच पाच मिलिमीटरचं.

उपाय सोपा आहे. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ताटात पसरलेल्या कोरड्या वाळूवरून फिरवा. पिशवी उलटी करा, काळा कचरा वेगळा टाका, पुन्हा फिरवा. मला मूठभर वाळूला सहा फेऱ्या लागल्या. टी गेजवाल्यांनी तर चुकूनही हे टाळू नये, कारण त्या गाड्यांची चाकंच चुंबकी असतात. आधीच चिकटवलेल्या वाळूवर पातळ मॅट वार्निशचा एक हात द्या आणि वाळल्यावर चुंबक वरून फिरवून बघा. काही उठलं तर तो भाग खरवडून नव्याने करा, दुसरी वाट नाही.

गाडी मधेच थांबते : शोधायचं कसं

आपण लगेच इंजिन उघडतो. थांबा. आधी बघा, गाडी एकाच जागी थांबते की कुठेही.

मोटरला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते, म्हणून एकाच जागी थांबत असेल तर दोष रुळाचा. तिथे वीज पोचते का ते मल्टिमीटर लावून बघा. सांध्याच्या जोडपट्टीवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर डाग देऊन जोडा. गाडी एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाते त्या पॉइंटवर थांबत असेल तर फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, बघा. तो प्लास्टिकचा असेल तर तेवढा पट्टा मृत असतो, आणि नॅरो गेजच्या आखूड इंजिनाची एका बाजूची सगळी चाकं एकदम त्यावर येतात. मोठं इंजिन पुढच्या-मागच्या चाकांवर निभावून नेतं, आपलं नेत नाही. धातूचा फ्रॉग असलेला पॉइंट घ्या, किंवा इंजिनामागचा डबा कायमचा जोडून त्याच्या चाकांतूनही वीज घ्या. मी दुसरं केलं. केसाएवढ्या वायरी लागतात, पण गाडी सुधारली.

कुठेही थांबत असेल तर मळ किंवा वजन. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात. थिनर तर नकोच, स्लीपरच विरघळतील. नाशिकच्या उन्हाळ्यात, आणि समोर कुणाचं बांधकाम चालू असेल तर बाराही महिने, गाडी लावण्याआधी दर वेळी पुसायचं. तेल सुईच्या टोकावर बसेल तेवढंच. जास्तीचं तेल रुळावर उतरतं आणि धुळीचं काजळ करतं.

वजनाचं असं, की १:८७ वरून १:१६० वर आलात तर लांबी अर्ध्याच्या किंचित वर राहते, पण वजन सहाव्या हिश्श्यावर येतं. त्यात रेझिनमध्ये छापलेली बॉडी म्हणजे कागदच. चाक रुळावर दाबलं जात नाही, वीज पोचत नाही. मासे पकडायच्या गळाचं शिसं ठोकून पातळ पत्रा करा आणि चालत्या चाकांच्या बरोबर वर बसवा. इंजिन पेन्सिलीवर आडवं तोलून बघा. पुढे-मागे कललं तर चढावर एक जोडी चाकं अधांतरी राहतात. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

आणि मोटर गरम होत असेल तर कंट्रोलर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारा डबा, तपासा. एनला १२ व्होल्ट चालतात, झेडला साधारण १० च्या आत, जुन्या झेडला ८, टीला साडेचारच्या आसपास. एनच्या कंट्रोलरवर झेडचं इंजिन 'हळूच' चालवू म्हणणारा मीही होतो.

चढ आणि वळण

कालका-शिमल्याचा चढ ३३ ला १, माथेरानचा २० ला १. हे आकडे वाचून डोंगर उभारू नका. आधी नुसत्या फळीखाली वह्या सरकवा, डबे जोडा, कुठल्या उतारावर चाकं जागच्या जागी फिरतात ते बघा, मग डोंगर. वळणाचंही तेच. कालका-शिमल्याचं सगळ्यात आवळ वळण ३७.४७ मीटर त्रिज्येचं, १:१२० ला ते ३१ सेंटिमीटर होतं. झेडची तयार वळणं साडेचौदा आणि साडेएकोणीसची मिळतात. कपाटावर मला साडेएकोणीसचंच जमलं, कडेला जेमतेम तीन सेंटिमीटर उरले. म्हणून काठाला पट्टी लावली. सहा फुटांवरून इंजिन फरशीवर पडल्याचा आवाज एकदाच ऐकावा लागतो.

फळी पावसाळ्यात बसवली

एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) घेतलं, जुलैत. फुगलेल्या फळीवर रूळ घट्ट चिकटवले. डिसेंबरात फळी आकसली आणि शेंदुर्णी स्टेशनासमोर रुळाला बाक आला. रूळ स्वतः फारसा हलत नाही, मीटरभर लांबीला पंचवीस अंशांच्या फरकात अर्धा मिलिमीटरही नाही. दगा देते ती फळी. आता मरीन प्लाय वापरतो, दोन्ही बाजू आणि कापलेल्या कडा सीलरने बंद करतो, रूळ दिवाळीनंतर टाकतो आणि दर सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडतो. कार्ड काढायचं मात्र गोंद सुकायच्या आधी. शेंदुर्णीच्या दुसऱ्या सांध्यात एक अजून तसंच आहे.