लिनक्सवर ब्लूटूथ बूटला उठत नाही? हात घालण्याआधीची तयारी

पहिली तयारी टेबलावरची: वायरचा कीबोर्ड आणि माउस हाताशी ठेवा. ब्लूटूथ माउसनेच ब्लूटूथची सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) बंद करून मग स्क्रीनकडे बघत बसणारे लोक असतात. त्यात मीही एकदा होतो. दुसरी, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन व्हार-लिब-ब्लूटूथ या फोल्डरची प्रत. पेअर केलेल्या उपकरणांच्या किल्ल्या तिथे असतात, त्या उडाल्या की हेडफोनपासून सगळं नव्याने जोडा.

आता रीस्टार्टचा मोह आवरा. आधी ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ’ चालवा आणि स्टेटसचा शब्द नीट वाचा, अर्धं निदान तिथेच होतं. ‘इनॅक्टिव्ह’ दिसतंय आणि खाली कंडिशन पूर्ण न झाल्याची ओळ आहे? मग सर्व्हिस बिचारी निर्दोष. सिस-क्लास-ब्लूटूथ ही डिरेक्टरी असेल तरच सुरू व्हायचं, अशी अट तिच्या युनिट फाइलमध्येच, म्हणजे तिच्या सेटिंगच्या फाइलमध्येच, असते. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ब्लूटूथचा अ‍ॅडॉप्टर दिसला नाही तर ब्लूटूथचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) सहसा लोडच होत नाही, आणि डिरेक्टरीही बनत नाही. अशा वेळी सर्व्हिस शंभरदा रीस्टार्ट केली तरी फरक पडायचा नाही. तशी ओळच नसेल, तर सर्व्हिस एनेबल (बूटला आपोआप सुरू होणारी) आहे का, की कोणी मास्क करून, म्हणजे सुरूच होणार नाही अशी करून, ठेवलीय, ते बघा.

अ‍ॅडॉप्टरचा माग कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये काढा. फर्मवेअर (अ‍ॅडॉप्टरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड होताना ‘एरर -२’ आला असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. तुमच्या डिस्ट्रोचं (लिनक्सच्या प्रकाराचं) फर्मवेअर पॅकेज टाका आणि मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून, मिनिटभराने चालू करा. नुसत्या रीबूटमध्ये अ‍ॅडॉप्टरचा वीजपुरवठा बऱ्याचदा तुटतच नाही, आणि तो जुन्याच अडकलेल्या अवस्थेत राहतो.

वायरलेस कुठे बंद केलंय ते दाखवणारी ‘आरएफकिल लिस्ट’ही बघून घ्या. सॉफ्ट ब्लॉक कमांडने निघतो. हार्ड ब्लॉकसाठी लॅपटॉपचं बटण किंवा बायोस. सिस्टिमडी (सर्व्हिसेस सांभाळणारा लिनक्सचा भाग) ही अवस्था बंद होताना जपून ठेवतं आणि बूटला परत आणतं, त्यामुळे महिन्यापूर्वी चुकून दाबलेलं विमान मोड आजही छळू शकतं.

स्टेटसमध्ये खरोखर ‘फेल्ड’च असेल, तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू ब्लूटूथ’चं आउटपुट फाइलमध्ये उतरवून ठेवा आणि मगच इटीसी-ब्लूटूथमधल्या मेन कॉन्फला हात लावा. एका वेळी एकच ओळ बदला, आणि दर बदलानंतर पूर्ण बंद करून बूट.