स्क्रीनवर विंडोंची गर्दी झाली का काय करायचं (सेतूवाल्या भावांसाठी)

जून-जुलै लागला का सेतू केंद्रात काय हाल होतात हे ज्याचं दुकान आहे त्यालेच समजते. पीकविमा चालू, ॲडमिशनवाल्या पोरांचे उत्पन्न दाखले आन् नॉन क्रिमीलेयर चालू, कोणाले सातबारा पायजे, आन् तिकडं व्हॉट्सॲप वेबवर पासबुकचे फोटो येऊनच राह्यले. खाली टास्कबार भरून गेली, समोरचे काका विचारतात "भाऊ माह्यं झालं का", आन् त्यायचा फॉर्म कोणत्या विंडोत आहे तेच सापडत नाही. याच्यासाठी नवा कॉम्प्युटर लागत नाही, विंडोज १० नाहीतर ११ असलं तर सगळं त्यातच आहे.

सगळ्यात कामाची गोष्ट पहिले सांगतो, दोन विंडो बाजूबाजूले लावणं. सातबाऱ्याची विंडो समोर घ्या, कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून धरा आन् डावा बाण मारा, ती अर्ध्या स्क्रीनवर चिकटते. उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या विंडो लहान लहान दिसतात, त्यातून विम्याचा फॉर्म निवडा, झालं. आता गट नंबर, खाते नंबर, क्षेत्र सगळं डोळ्यासमोर राहते, ०.८१ हेक्टरचं ०.१८ होत नाही. मधली रेघ माउसनं ओढली तर एक मोठी एक लहान होते. विंडोज ११ मधे विंडोज आन् झेड दाबा, तीन-चार तऱ्हेच्या मांडण्या दाखवते.

इथं लोकं एका जागी अडकतात. सातबारा आन् फॉर्म एकाच क्रोमच्या विंडोत दोन टॅबमधे उघडे असतात, मंग ते बाजूबाजूले लागतीन कसे? टॅबले माउसनं पकडा आन् खाली ओढून सोडून द्या, तिची वेगळी विंडो बनते, मंग बाण मारा. आपल्याकडचे मॉनिटर लहान, अर्ध्या स्क्रीनवर फॉर्मचा उजवा भाग कापला जाते, तवा कंट्रोल आन् वजाचं चिन्ह दाबून पेज ८० टक्क्यावर आणा. कंट्रोल आन् शून्य दाबलं का पयल्यासारखं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेगवेगळे डेस्कटॉप. हे विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून आहे पण आपल्या लाइनमधे वापरणारे कमीच. विंडोज, कंट्रोल आन् डी एकसोबत दाबा, कोरा करकरीत नवा डेस्कटॉप येते. विंडोज, कंट्रोल आन् डावा-उजवा बाण मारून इकडून तिकडं जा. माह्या हिशोबानं तीन पुरे: पयल्यावर चालू असलेला फॉर्म, दुसऱ्यावर व्हॉट्सॲप वेब, स्कॅनचं फोल्डर आन् प्रिंट, तिसऱ्यावर आपला बँकेचा न वॉलेटचा हिशोब. काही जण हरेक गिऱ्हाइकाचा वेगळा डेस्कटॉप काढतात, तसं नोका करू, दुपारपर्यंत पंधरा डेस्कटॉप होतात आन् शोधाशोध तेवढीच. तूर आन् हरभरा वेगळ्या पोत्यात भरतो तसं कामाच्या प्रकारानं वाटा.

एखादी विंडो चुकीच्या डेस्कटॉपवर उघडली तर विंडोज आन् टॅब दाबा, सगळं पसरून दिसते, तिथून विंडो उचलून पायजे त्या डेस्कटॉपवर टाका. तिथंच डेस्कटॉपच्या नावावर क्लिक करून "विमा", "प्रिंट" असं नाव देता येते. नोटपॅड सगळीकडं पायजे असलं तर त्याच्यावर राईट क्लिक करून सगळ्या डेस्कटॉपवर दाखवायचा ऑप्शन घ्या. नको असलेला डेस्कटॉप विंडोज, कंट्रोल आन् एफ ४ नं बंद होते, त्यातल्या विंडो मरत नाहीत, बाजूच्या डेस्कटॉपवर जातात, म्हणून घाबरू नोका.

अजून एक फायदा, समोर बसलेल्या माणसाले दुसऱ्याचं आधार दिसत नाही. पण हे काही कुलूप नाही बाप्पा, चहाले उठले तर विंडोज आन् एल दाबूनच उठा.

आन् डेस्कटॉप वाढवले म्हणून मशीन हलकी होत नाही. सगळे प्रोग्राम मागं चालूच राहतात, रॅम तेवढीच खातात. ४ जीबीवाल्या डब्ब्यावर टॅब बंद करत राहाच लागते.

टायपिंगवाल्यांसाठी, फॉर्म इंग्रजीत आन् अर्ज मराठीत असला का दरवेळी विंडोज आन् स्पेस दाबून भाषा बदलवा लागते. सेटिंगमधे टायपिंगच्या ॲडव्हान्स कीबोर्ड सेटिंगमधे जा, हरेक विंडोले वेगळी भाषा ठेवायची टिक आहे, ती मारा. मंग वर्ड मराठीत राहते न क्रोम इंग्रजीत.

विंडोज आन् व्ही दाबलं तर मागचे २५ कॉपी केलेले आयटम दिसतात, पयल्यांदा ते चालू करा लागते. नाव, खाते नंबर, आयएफएससी एका दमात कॉपी करून एकेक पेस्ट करा. पण त्यात लोकायचे आधार नंबर पडून राहतात, म्हणून शटर पाडायच्या आधी तिथलंच "क्लिअर ऑल" दाबा.

राह्यली लाईट. लाईट गेली न इन्व्हर्टर दमला तर डेस्कटॉप आन् त्यायची नावं तशीच राहतात, विंडो मात्र परत उघडा लागतात. क्रोमच्या सेटिंगमधे "ऑन स्टार्टअप" मधे जिथं सोडलं तिथून चालू करायचा ऑप्शन लावून ठेवा, टॅब परत येतात, अर्धा भरलेला फॉर्म येईनच असं नाही, त्यामुळं सेव्ह ड्राफ्ट दिसलं का दाबत जा.