ग्रामपंचायतीचा पर्यावरणावरचा खर्च आणि ऑडिटचे आक्षेप: या चुका टाळा

गावात झाडं लावायचीत, कचऱ्याचं शेड बांधायचंय, गटारांच्या तोंडाला शोषखड्डे घ्यायचेत, खात्यावर पैसेही दिसतायत, तरी काम अडतं किंवा झालेल्या कामावर ऑडिटवाला आक्षेप काढतो. बहुतेक वेळा भानगड हेडची, म्हणजे खर्च कुठल्या खात्याखाली दाखवायचा याची असते, रक्कम पुरेशी असली तरी.

15व्या वित्त आयोगाचंच घ्या. महाराष्ट्रात केंद्राचा हा निधी जिल्हा परिषद 10, पंचायत समिती 10 आणि ग्रामपंचायत 80 टक्के असा वाटला गेला, आणि 2021-22 ते 2025-26 या काळासाठी त्यातला 60 टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांनाच), 40 टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे). बंधितमधले निम्मे पैसे स्वच्छता, घनकचरा, सांडपाण्याचे आणि निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी जिरवणं, पाण्याचा पुनर्वापर यांचे. आता चूक काय होते, तर काम पर्यावरणाचं दिसलं की सगळं बंधितमध्ये ढकलतात. शाळेच्या छताचं पाणी बोअरला सोडलंत तर ते बंधितमध्ये आरामात बसतं, पण त्याच शाळेभोवती झाडं लावून ट्री गार्ड बसवले तर तो खर्च अबंधितमधून टाका, कारण सामाजिक वनीकरण हा अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी एक आहे. सोलर दिव्यांचंही तसंच, अपारंपरिक ऊर्जा त्या यादीत आहे. फक्त अबंधितमधून पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही, त्यामुळे झाडांना पाणी घालायला पंचायतीचा शिपाई लावून त्याचा पगार त्यात घुसवू नका, सरळ आक्षेप निघतो.

बंधितमधल्या एका बाजूचं काम गावात खरंच पूर्ण झालं असेल तर ते पैसे दुसऱ्या बाजूला वळवता येतात. पण त्याला ग्रामसभेचा दाखला लागतो आणि वरच्या कार्यालयाची पुष्टीही. नुसता मासिक सभेचा ठराव जोडून फाईल पाठवली की ती परत आलीच समजा.

दुसरी मोठी गडबड स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या टप्पा 2 मध्ये, म्हणजे दरडोई मर्यादा न बघता एस्टिमेट करणं. 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये आणि सांडपाण्यासाठी 280 रुपये, त्याच्या वरच्या गावाला 45 आणि 660. गाव 2000 लोकांचं असेल तर 1,20,000 आणि 5,60,000, मिळून 6,80,000 झाले. शिवाय हे सगळे मिशनकडून येत नाहीत, 30 टक्के म्हणजे 2,04,000 ग्रामपंचायतीने वित्त आयोगातून घालायचे असतात, आणि नेमका हाच वाटा आराखड्यात धरायचा राहतो. मग शेड उभं राहतं, घंटागाडी येते आणि डिझेल कशातून टाकायचं यावर वाद सुरू होतो. एस्टिमेट करतानाच ड्रायव्हर आणि डिझेल कुठल्या हेडला, हे शाखा अभियंत्यासमोर नाही, ग्रामपंचायत अधिकाऱ्यासमोर (पूर्वीचा ग्रामसेवक) बसून ठरवा.

शेडची जागा गायरान असेल तर परवानगीचे कागद आधी, खडी नंतर.

"बंधितमध्ये बसत नाही ना, मग ग्रामनिधीतून करू" असं सरपंच पटकन म्हणतात. करा की, पण स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीय, 10 टक्के महिला व बालकल्याण आणि 5 टक्के दिव्यांग यांचे आधी बाजूला काढायचेत. ते न काढता बागेवर खर्च केला तर बाग कितीही छान झाली तरी ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप लागतो. टेंडरची मर्यादा चुकवायला एकाच ओढ्याच्या कामाचे तीन तुकडे पाडणं हाही जुना खेळ, एमबीवर (कामाच्या मोजमाप पुस्तकात) तारखा आणि ठेकेदार तेच दिसले की ऑडिटवाल्याला काही शोधावं लागत नाही.

पेमेंटच अडकलं असेल तर आधी ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या हिशोबाच्या सरकारी पोर्टलवर) बघा की ते काम मंजूर जीपीडीपीत, म्हणजे गावाच्या विकास आराखड्यात त्याच नावाने, त्याच हेडला आहे का. नसेल तर ग्रामसभा घेऊन आराखड्यात दुरुस्ती करा, बँकेत हेलपाटे मारून काही होत नाही. काम आराखड्यात असूनही अडलं तर डीएससी, म्हणजे पेमेंटला लागणारी डिजिटल सही तपासा, निवडणुकीनंतर सरपंच बदलला आणि नव्याची डीएससी नोंदवलीच नाही हे फार होतं. आणि शोषखड्डे मिशनमधूनही आणि वित्त आयोगातूनही घेतले असतील तर प्रत्येक खड्ड्याचा फोटो, जागा आणि नंबर वेगळा ठेवा. एकच फोटो दोन पोर्टलवर चढला तर दुहेरी खर्च म्हणून वसुली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावावर निघू शकते.